मळीचा बांध

गाउके होकस्त्रा निवृत्त होईपर्यंत आमच्या भागातली बस चालवायचा आणि हिवाळ्यात ईस्तरवीर गावाचा बर्फमास्तर असायचा. दुसऱ्या कामाला पगार नव्हता, पण मान त्याच कामाचा. गावाच्या कडेला एक खोलगट कुरण आहे. नोव्हेंबर सरता सरता शेजारच्या चरातलं पाणी पंपाने त्यात सोडायचं, घोट्याइतकं उभं करायचं आणि थंडीची वाट बघायची. गोठलं की सारं गाव बर्फावर. पाणी कधी सोडायचं, बर्फ माणसं पेलेल की नाही, हे गाउके ठरवायचा. तो नाही म्हणाला तर पाद्रीबुवासुद्धा मुकाट्याने स्केट सोडून घरी जायचे. मी तिथल्या टपरीत वाटाण्याचं सूप ढवळायला असे. शिवाय त्याच्या आणि माझ्या घरात कमरेइतकं एक कुंपण तेवढं आहे, त्यामुळे त्याचं सगळं मला दिसायचं आणि बरंचसं ऐकूही यायचं.

बोलणं तिरकस. बससाठी कोणी धापा टाकत उशिरा आलं, तर दार उघडून म्हणायचा, "या, या. राजघराण्यासाठी आम्ही थांबतोच." त्याची बायको चित्स्के त्याच्या वरताण. ती सांगायची, "ह्याला खरं तर बर्फाशीच लग्न करायचं होतं. पण तो वर्षातून जेमतेम आठवडाभर येतो, म्हणून मग माझ्याशी केलं."

उन्हाळ्यात कुरणात त्याच्या मेंढ्या चरायच्या. गवत तोकडं राहिलं की बर्फ चांगला धरतो, असं तो म्हणे. खरं म्हणजे त्याला मेंढ्या आवडायच्या.

कुरणाभोवतीचा मातीचा बांध म्हातारा झाला होता. पाणघुशींनी तो आतून पोखरला होता आणि सोडलेलं पाणी निम्मं झिरपून जायचं. नवा बांध द्या म्हणून गाउके वर्षानुवर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवत होता. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या वर्षी बघू.

मग पालिकेत चक्राकार खरेदीचं वारं आलं. सरकार जे विकत घेईल ते शक्यतो आधी वापरलेलं, दुरुस्त केलेलं नाहीतर टाकाऊतून घडवलेलं असावं, म्हणजे नवं खणायला नको आणि जुनं जाळायला नको. यात वाईट काहीच नव्हतं. शाळेच्या मोडक्या खुर्च्यांना नव्या बैठकी लागल्या. जुना लाकडी पूल उतरवला, त्याच्या फळ्यांचे बाक झाले. त्यातला एक कुरणाशी ठेवला, आणि गाउके त्यावर बसून पाइप ओढायचा. हे सगळं मारित बघायची. मारित आमच्याच गावची. शाळेला जाताना गाउकेच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून सारखी बडबडणारी पोर, आता पालिकेची खरेदी अधिकारी झाली होती आणि ते काम जीव ओतून करायची.

बांधाची बातमी द्यायला ती स्वतः आली. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातच कॉफी पीत बसले होते.

"ओमके," ती म्हणाली. आमच्याकडे काकाला ओमके म्हणतात, आणि गावात नातं नसलं तरी म्हणतात. "तुमचा बांध मंजूर झाला. वरून सायकलरस्तासुद्धा."

"पालिकेत कोणी वारलं की काय?"

"चेष्टा पुरे. आणि ऐका, त्यात मूठभरही नवी वाळू किंवा खडी नाही. समुद्राचा तळ उपसायला नको, परदेशातून दगड आणायला नको. पोलादाच्या भट्टीतून मळी निघते ना, तिची खडी करून वापरायची. नाहीतर तिचे नुसते डोंगर पडून असतात."

"म्हणजे कारखान्याचा कचरा."

"कचरा नाही म्हणायचं. साहित्य. सरकारमान्य आहे."

"असं होय. सरकारनं मान दिला की कचऱ्याचं साहित्य होतं," गाउके म्हणाला. पण हसून म्हणाला. त्याला बांध हवा होता.

उन्हाळ्यात ट्रक आले. राखाडी, भोकाभोकांचा, जड दगड. तो रचला, दाबला, वर डांबर आलं. उद्घाटनाला गुलाबी साखरेचा केक होता. पालिकेचे कारभारी भाषणात ‘चक्राकार’ हा शब्द इतक्या वेळा म्हणाले, की चित्स्के माझ्या कानात म्हणाली, "ह्यांना आता घेरी येणार." मग गाउकेच्या हातात मूठभर मळी दिली, कारभाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढला. पालिकेच्या पत्रकावर तो छापून घरोघरी आला. खाली लिहिलं होतं, ‘कालचा कचरा, उद्याचा बर्फ’.

शरदातला पाऊस सुरू झाला आणि बांधालगतच्या चरातलं पाणी नितळ होऊ लागलं. येणारे-जाणारे सायकल थांबवून बघायचे. तळ दिसत होता. आमचे चर कायम काळ्या चहाच्या रंगाचे, वर हिरवी टिकली-टिकली शेवाळ, आत बेडूक. हे पाणी नळाच्या पाण्यासारखं दिसत होतं. लोक म्हणाले, बघा, बांधाने पाणीसुद्धा स्वच्छ केलं.

गाउकेला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. तो म्हणायचा, "रिकाम्या खोलीसारखं वाटतं." मग लव्हाळ्याच्या बुडख्यांना किटलीत बसतो तसा पांढरा थर बसू लागला. नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीसारखा वास येऊ लागला. एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. गाउकेने कोपरापर्यंत हात घालून एक बाहेर काढला, तर त्याची कातडी बोटांबरोबर सुटून आली, साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत. तो मासा त्याने गवतावर टाकला आणि हात पँटला पुसत राहिला. संध्याकाळपर्यंत हात लाल झाला, दुसऱ्या दिवशी भेगाळला.

मेंढ्या त्याने त्याच दिवशी हलवल्या, पण एकीला उशीर झाला होता. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती, तोंड उघडं, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. ओठ सोललेले, जीभ उकडल्यासारखी पांढरी. गवताचा वास घ्यायची, तोंड लावायची आणि मागे सरायची. मला तिच्याकडे बघवेना. गुरांच्या डॉक्टरने सुई देऊन तिला सोडवलं. गाउके घरात आला, नळाखाली हात धरला आणि घासत बसला. चित्स्केने शेवटी नळ बंद केला.

पालिकेला फोन केला, तर तिकडून आवाज आला की साहित्य प्रमाणित आहे, आणि आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. माणूस कोणी येईना. शेवटी मारितच आली, गमबूट घालून. बांधावर तिघं उभे होतो. मेलेले मासे कोणी उचलले नव्हते, त्यामुळे वासही होता.

"पाणी लागू द्यायचं नाही अशी अटच असते, ओमके," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मळीत चुना असतो. कोरडी राहिली तर काही होत नाही. कंपनीनं लिहून दिलं होतं की इथे पाण्याचा संबंध येणार नाही."

"बर्फाच्या तळ्याला?"

ती स्वतःच्या गमबुटांकडे बघत राहिली.

"मारित, इथे कुदळ मारली की पाणी लागतं. माणूस पुरायचा तर आधी खड्डा उपसावा लागतो. तुम्हा लोकांना हा देश कुठला वाटला?"

"खरेदी ठरवताना प्रत्येक मालाला गुण देतात. नव्या खडीला कमी पडायचे. हिला पैकीच्या पैकी. म्हणून हीच आली." तिने हातमोजा काढला, खाली वाकली आणि हात पाण्यात घातला. बोटं एकमेकांवर चोळून बघितली. मग उठली आणि थोड्या अंतरावर जाऊन पाठमोरी उभी राहिली.

ती पालिकेत गेली आणि म्हणाली, बांध उकरून काढा. कारभारी म्हणाले, वसंतात बघू. आमच्या पालिकेला चक्राकार खरेदीचं बक्षीस मिळायचं होतं, समारंभ हिवाळ्यात होता, आणि तोवर कोणाला उकराउकर नको होती. पालिकेने आम्हाला चुना लावला, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही.

जानेवारीत थंडी आली. आताशा ती कुठे येते, त्यामुळे सगळे हुरळून गेले. रस्त्यात दोन माणसं भेटली की बर्फाचंच बोलणं. गाउकेने कुरणात पाणी सोडलंच नव्हतं. बर्फमंडळाचा अध्यक्ष फोल्कर्ट त्याच्या दारात येऊन उभा राहिला. दोघं एका वर्गातले.

"पंपाची किल्ली दे."

"नाही."

"पोरांनी या वर्षी बर्फ बघितलेला नाही, गाउके. काही पोरांनी तर जन्मात नाही."

"माझी मेंढीसुद्धा आता काही बघत नाही."

"तुझी मेंढी चर प्यायली. पोरं काय बर्फ चाटणार आहेत? अरे, वरती घट्ट थर असतो."

"फोल्कर्ट, मी नाही म्हणतोय. आजवर माझं नाही कोणी मोडलेलं नाही."

ते मोडलं. मंडळाच्या लोकांनी कुलूप तोडून पंप सुरू केला. गावात गाउकेला काय काय म्हटलं गेलं ते मी लिहीत नाही. पालिकेला कोणी एक शब्द बोललं नाही, सगळ्यांचा राग त्या एका म्हाताऱ्यावर. बर्फ धरला, टपरी उघडली, सूप दुसऱ्या कोणीतरी ढवळलं. मी चित्स्केजवळ तिच्या खिडकीत बसले होते, तिथून तळं दिसतं. गाउके बांधाच्या कडेने फिरत होता आणि पोरांना आत पिटाळत होता. "मधे जा, मधे. इकडे नको." पोरं त्याला हुलकावणी देऊन पुन्हा कडेला येत होती. तो चिडतो याचीच त्यांना गंमत वाटत होती.

बांधातून पाझर चालू होता, तिथे बर्फ धरतच नव्हता. फोल्कर्टची नात नीन्के तिथे पाण्यात गेली. पाणी गुडघ्याच्या खाली, म्हणून सगळे हसले, तीही हसली. ओल्या पँटनेच ती अंधार पडेपर्यंत खेळली. पाय चुरचुरतात म्हणाली, तर कोणीतरी सांगितलं, थंडीनं होतं तसं. घरी आईने पायमोजे उतरवले तेव्हा पायमोज्यांबरोबर कातडी आली.

दुसऱ्या दिवशी फोल्कर्ट आला. कुंपणाशी उभा राहिला, आत येईना.

"मला शिव्या दे," तो म्हणाला.

"पोर कशी आहे?"

"दवाखान्यात. दोन्ही पाय गुंडाळलेत. पट्टी बदलताना ओरडते."

"आत ये. कॉफी घे."

"नको."

"ये रे गाढवा. तिथे उभा राहून काय पोर बरी होणार आहे?"

फोल्कर्ट आत आला आणि टेबलाशी बसून रडला. गाउकेने त्याच्यापुढे कप ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यानंतर वर्तमानपत्रवाले आले आणि मग पालिकेलाही वाट सापडली. तळ्याभोवती जाळी लागली. जाळीवर फलक लागला, ‘पाण्याला हात लावू नये’. फलकाच्या कोपऱ्यात हिरवं पान होतं आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा फलक टाकाऊ प्लॅस्टिकपासून बनवला आहे. गाउकेने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. आधी हसला, हसता हसता ठसका लागला, मग फलकाखाली थुंकला. उभ्या आयुष्यात मी त्याला रस्त्यावर थुंकताना पाहिलं नव्हतं.

वसंतात बांध उकरायला ट्रक आले. कंपनी आपला माल परत नेणार, करारातच तसं आहे, असं कारभाऱ्यांनी पेपरात सांगितलं. बघा, चक्राकार म्हणतात ते हेच. लोक जाळीशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. गाउकेने एका चालकाला विचारलं, "कुठे नेताय?"

"ते विचारू नका, ओमके. सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

गाउके घरी आला, गाडी काढली आणि कुंपणापाशी थांबून मला म्हणाला, "चल, बस."

आम्ही ट्रकच्या मागे निघालो, काचा वर करून, कारण मळीची पूड उडत होती. कारखान्याकडे जायला डावीकडे वळायला हवं होतं. ट्रक उजवीकडे वळला. गाउकेने या रस्त्यांवर आयुष्य काढलेलं, वळणं बघूनच तो ओळखत गेला. "नायसील," तो म्हणाला. "नायसीलशिवाय इकडे दुसरं गाव नाही."

नायसीलला शाळेच्या मागे खेळाचं मैदान उंच करायचं काम चाललं होतं. मैदानाला लागून चर, चरात बदकं. आमचा बांध तिथे ओतला जात होता. डांबराचे तुकडेसुद्धा तसेच, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट. फाटकावर मोठा फलक होता. हे साहित्य दुसऱ्यांदा वापरलं जात असून नायसील पालिकेने चक्राकार खरेदीत आणखी पुढचं पाऊल टाकलं आहे, असं त्यावर अभिमानाने लिहिलेलं. म्हणजे आमच्याकडे एकदा गुण मिळाले, आता इथे जास्त मिळणार. नीन्केचे पाय भाजून ती मळी ‘आधी वापरलेली’ झाली होती, म्हणून तिची किंमत वाढली होती.

गाउके गाडीतून उतरला, फलक वाचला, गवतात गेला आणि ओकला. मी पाण्याची बाटली दिली. त्याने चूळ भरली.

"हे लोक माणसं आहेत?" तो म्हणाला. प्रश्न मला नव्हता.

तिथूनच त्याने मारितला फोन लावला. हद्दीबाहेर गेलं की माल कंपनीचा, असं तिला वरून सांगितलं होतं. पुढे कुठे जातो ते तिने विचारलं नव्हतं. "नायसील?" एवढंच ती म्हणाली.

नायसीलच्या सभागृहात गावसभा लागली. गाउकेला बोलू दिलं. बसमध्ये माणसांना टोमणे मारणारा हा माणूस ध्वनिक्षेपकापुढे गडबडला. मेंढीचं सांगताना नीन्केचं सांगायचं विसरला, मग मागे गेला. लोक चुळबुळ करू लागले. तिथल्या कारभारीण बाई नम्रपणे म्हणाल्या, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. मग आपल्या गावाची हे साहित्य परत घ्यायची तयारी आहे का?"

आमच्या गावचे वीस-पंचवीस जण आले होते, फोल्कर्टसुद्धा. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"नाही," गाउके म्हणाला. "आम्ही घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. ज्यानं हगलंय त्याच्या दारात नेऊन टाका."

सभागृहात कोणी हसलं, कोणी शीः म्हटलं. बाईंनी पुढचा विषय घ्यायला हात उचलला, तेवढ्यात मागून मारित उठली. तिला तिथे बोलायची परवानगी नव्हती, पालिकेने सक्त ताकीद दिलेली होती.

"ही खरेदी माझ्या सहीची आहे," ती म्हणाली. "ते पाणी मी हाताला लावून बघितलंय. तुमच्या शाळेमागे चर आहे. घेऊ नका."

ती खाली बसली. मग पहिल्या रांगेतल्या एका आईने विचारलं, "काम कधी थांबवताय?" आणि तोच प्रश्न सभागृहभर फिरू लागला. बाईंना पुढचा विषय घेता आला नाही.

नायसीलचं काम थांबलं. टाकलेलं उचललं गेलं. कारखान्याच्या दारात ते गेलं नाही. कालव्याकाठी कंपनीच्या एका आवारात ताडपत्रीखाली त्याचा ढीग पडून आहे, आणि दोन पालिका, प्रांत आणि कंपनी वकिलांमार्फत एकमेकांना तो देऊ करत आहेत. पाऊस ताडपत्रीवर पडतो आणि कडेने कालव्यात जातो. मारितला खरेदीतून काढलं. ती आता गाड्या लावायचे परवाने देते. नीन्केचे पाय भरले. घोट्यांवरची कातडी मेणासारखी चकाकते, म्हणून ती उन्हाळ्यातही लांब मोजे घालते.

एप्रिलच्या शेवटी राजाच्या वाढदिवसाची पदकं जाहीर झाली. ज्याला मिळायचं त्याला आधी सांगत नाहीत. चित्स्केने गाउकेला कोणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचं खोटं निमित्त सांगून इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि चर्चच्या दालनात आणलं. महापौरबाईंनी भाषण केलं, तीस वर्षं विनामोबदला बर्फ सांभाळला म्हणून. पदक शर्टाला टोचलं. गाउके चित्स्केकडे बघत होता. तिच्यासाठी तो उभा राहिला. मग अभिनंदनाची रांग लागली. पहिले कारभारी, एका हातात केकची बशी, दुसरा हात पुढे.

गाउकेने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आधी धुऊन या," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण दालन लहान आहे.

कारभारी हसायचा प्रयत्न करत होते. हात कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो बशीखाली घेतला आणि बाजूला झाले. रांग पुढे सरकली. चित्स्के घराच्या दारात मला म्हणाली, "मी एवढी इस्त्री केली होती." पण तिचा राग दिसत नव्हता.

पालिकेने कुरणाची वरची माती खरवडून नेली आणि नवा बांध घातला, जवळच्या शेतातल्या साध्या चिकणमातीचा. गाउके सुरुवातीपासून तेवढंच मागत होता. मेंढ्या त्याने विकून टाकल्या. चराचं पाणी पुन्हा काळपट होत चाललं आहे, पण बदकं अजून उतरत नाहीत.

बर्फमास्तर आता फोल्कर्ट आहे. गाउकेनेच किल्ली नेऊन दिली. गेल्या हिवाळ्यात थंडी यायच्या फार आधी फोल्कर्टने पाणी सोडलं, आणि ते महिनाभर वाऱ्यात हलत राहिलं. गाउके बाकावर बसून रोज त्याला सांगत होता की तुला काही कळत नाही.